तोंड न लागलेली बाटली

मित्रांनो, मानवजातीचे भवितव्य माझ्या तोंडी सुरक्षित आहे. हे माझे म्हणणे नाही. मी ज्या खोक्यात राहत होते, त्याच्या चारही बाजूंना तसे छापलेले होते, आणि खाली एका गुटगुटीत बाळाचा फोटो होता. बाळ हसत होते. त्याच्या हातात खुळखुळा होता, मी नव्हते. यातून काय समजायचे ते मी तेव्हाच समजायला हवे होते.

मी एक दुधाची बाटली आहे. जुनीच, पण वापरून जुनी झालेली नव्हे, नुसती राहून जुनी झालेली. माझ्या अंगावरचे आकडे अजून ठळक आहेत. ज्या बाटल्यांनी पोरे वाढवली, त्यांचे आकडे पुसून जातात. माझे पुसायला कोणाला फुरसतच मिळाली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात घालत, आत हवा फुंकत, की आम्ही तयार. शेजारच्या साच्यातून फिनेलच्या बाटल्या निघत. आम्ही त्यांच्याशी बोलत नसू. त्यांचा धंदा संडासाचा, आमचा वात्सल्याचा. आता वाटते, त्या सुखी असतील. फिनेलच्या बाटलीकडून कोणी मायेची अपेक्षा करत नाही, त्यामुळे तिच्या नावाने कोणी कपाळही बडवून घेत नाही.

मला रबराचे निपल बसवले, त्यावर आट्यांची कडी फिरवली आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक टोपण घातले. टोपणाचे काम एवढेच, की निपलवर धूळ बसू द्यायची नाही. मी त्याला कधी काही विचारले नाही, त्याने कधी काही सांगितले नाही. घरचाच माणूस, म्हणून डोळे झाकून विश्वास टाकला होता.

मला विकत घेतले ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. त्याने मला दुकानात उलटसुलट करून पाहिले, आटे फिरवले, टोपण टेबलावर टकटक वाजवले आणि म्हणाला, "स्पेअर म्हणून असू दे." मित्रांनो, आयुष्यात आपल्याला पहिले विशेषण कोणते लागते याला फार महत्त्व असते.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिने मला डोळ्याजवळ धरून पाहिले, जणू माझ्यातच काही नंबर आहे.

"हे कशाला आणलंस?"

"लिफ्टला पण एक जास्तीचा ब्रेक असतो. लागतोच असं नाही."

"मी काय लिफ्ट आहे?"

"तसं नाही गं."

पण तसेच होते. मला कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवण्यात आले.

मुलगी झाली. तिला चारचौघांत सांगण्यासारखे नाव ठेवले असेलच, पण दुपट्यात गुंडाळली की तिचे नाकच काय ते दिसे, म्हणून बाप तिला गठुडी म्हणू लागला आणि तेच चिकटले. पुढचे पाच महिने मी टॉवेलांच्या मागून गठुडीचे पिणे ऐकले. घोट घेतल्याचा आवाज, मध्येच नाकाने सोडलेला सुस्कारा, आणि आईचे हळू आवाजातले बोलणे, "सावकाश गं. कोणी पळवून नेत नाहीये." मला राग येत नसे. माझी वेळ येईल अशी खात्री होती. तसे छापलेलेच होते.

मग एक दिवस केस विंचरताना आईच्या गळ्याशी एक गाठ हाताला लागली.

डॉक्टरांनी तपासणी सांगितली. तपासणीसाठी एक औषध टोचायचे होते, ते दुधात उतरणारे होते, म्हणून त्यानंतर चार दिवस बाळाला अंगावर पाजायचे नाही. तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. "तोवर बाटलीची सवय लावा," डॉक्टर म्हणाले.

मला टॉवेलांमागून काढण्यात आले. तो दिवस मी विसरणार नाही. खळखळत्या पाण्यात मला उकळले, कोरडे केले, ओट्यावर स्वच्छ फडक्यावर उभे केले. शेजारी पावडरचा नवा कोरा डबा. बाप घड्याळाकडे बघत होता. आईने गठुडीला उचलले, गठुडीने तिच्या अंगात तोंड खुपसले आणि आई म्हणाली, "आज इतकी छान पितेय, आज नको. उद्यापासून लावू."

दुसऱ्या दिवशी गठुडीला शिंका येत होत्या. तिसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा कुशीवर वळून दाखवले, मग अशा आनंदाच्या दिवशी रबर कशाला. एकदा पाहुणे होते, एकदा आईचेच डोके दुखत होते. रोज सकाळी मला उकळत आणि रोज संध्याकाळी पुन्हा टॉवेलांमागे ठेवत. पंपाने दूध काढून साठवायचाही बेत झाला होता, पण त्या दिवसांत गठुडी मागे काही शिल्लकच ठेवत नसे. पंपात यायचे ते चहाला रंग आणण्यापुरते. दोन आठवडे उलटले तेव्हा या घरात सगळ्यांत निर्जंतुक मी होते आणि सगळ्यांत अनोळखीही मीच.

तपासणीच्या दिवशी दुपारी आई हाताला चिकटपट्टी लावून घरी आली. मदतीला म्हणून बापाची मोठी बहीण येऊन राहिली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि घरातही उभे राहूनच बोलायची. तिला सगळे ताई म्हणत. ताईंचे म्हणणे स्पष्ट होते. "भूक लागली की पिईल. पोट कोणाला सुटलंय?" हेच वाक्य डॉक्टर म्हणाले होते, औषधांच्या दुकानातला म्हणाला होता, शेजारीण म्हणाली होती. इतके लोक एकच वाक्य म्हणतात तेव्हा ते खरे असेल असे मलाही वाटले.

आईने मला हातात घेतले. तीच मांडी, तीच उशी, खिडकीजवळची तीच खुर्ची. गठुडी सवयीने आईकडे वळली, तोंड उघडले, आणि मधल्यामध्ये मला घालण्यात आले. तिने मला जिभेने बाहेर ढकलले. रागाने नव्हे. शेजाऱ्याचे पाकीट चुकून आपल्याकडे आले की आपण ते शांतपणे परत देतो, तसे. मग तिने आईकडे पाहिले आणि पुन्हा तोंड उघडले. पुन्हा मीच. तिसऱ्या वेळी तिने तोंड उघडलेच नाही. ओठ घट्ट मिटून ती आईकडे बघत राहिली. पाच महिने जिच्यावर आंधळा विश्वास टाकला, तीच माल बदलून देते आहे हे तिच्या लक्षात आले होते. मग ती रडली. तसे रडणे मी टॉवेलांमागून कधी ऐकले नव्हते.

"माझ्याकडे अशी नको ना बघूस," आई म्हणाली.

बापाने मग सूत्रे हातात घेतली. तो लिफ्टवाला. त्याच्या धंद्यात लिफ्ट चालली नाही तर रडत नाहीत, एकेक भाग बदलून बघतात. त्याने आधी निपल बदलले, बारीक भोकाचे लावले. मग मोठ्या भोकाचे. मग दूध गरम केले, मग कोमट, मग थंड. मग उभ्याने, मग चालत, मग खिडकीपाशी नेऊन रस्त्यावरच्या गाड्या दाखवत. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता एकच गोष्ट बदलली आहे हं," आणि प्रत्येक वेळी गठुडी तोंड फिरवायची. संध्याकाळपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू बदलून झाली. गठुडी तेवढी तीच राहिली.

शेवटी त्याने आईचा गाऊन अंगावर चढवला. वास तरी आईचा येईल, म्हणून. मिशा असलेला, छातीवर गाऊनची बटणे न लागणारा तो माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आपली आई असती तर आज धन्य झाली असती."

"ताई, तू जा बरं आत."

गठुडीने गाऊनमध्ये नाक खुपसले. हुंगले. तिचे अंग सैल पडले, डोळे मिटले, तोंड आपोआप उघडले. मला वाटले, आली माझी वेळ. मी आत गेले. तिने एक घोट घेतला. एकच. मग डोळे उघडून तिने वर पाहिले, मिशा पाहिल्या, मला पाहिले. ती रडलीसुद्धा नाही. घोट हनुवटीवरून खाली सोडून दिला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तो माणूस दहा मजल्यांच्या खड्ड्यात दोरावर लोंबकळतो. त्याला ती नजर झेपली नाही. त्याने गाऊन काढला, घडी घातली आणि मला मोरीत ठेवून दिले.

इकडे आईचे अंग दाटून आले होते. ती आतल्या खोलीत पंप घेऊन बसे. आता मात्र दूध भरभरून येत होते, आणि ते सगळे बेसिनमध्ये ओतावे लागत होते. मी बाजूलाच असे. माझ्यात पावडरचे दूध निवत पडलेले, तिच्या हातातले ऊन दूध जाळीतून खाली जातेय, आणि भिंतीपलीकडे पोर उपाशी. नळ सोडण्याआधी ती थोडी थांबायची. मग सोडायची. एकदा तिने माझ्याकडे बघून विचारले, "तू आहेस तरी कशाला?" मित्रांनो, मला खोक्यावरचा मजकूर तोंडपाठ होता. पण मी बोलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठुडीचे रडणे बारीक झाले, आणि त्याने सगळे जास्त घाबरले. लंगोट कोरडे होते. बापाने मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारपर्यंत लंगोट ओला झाला नाही तर दवाखान्यात घेऊन या, नाकातून नळी घालून दूध द्यावे लागेल.

नळी हा शब्द ऐकला आणि आईने गठुडीला बापाच्या हातातून घेतले. "मी पाजते."

"अगं, चार दिवस म्हणालेत," ताई म्हणाल्या.

"ताई, ते डॉक्टर आहेत. हा मेकॅनिक आहे. तुम्ही टीचर आहात. तिची आई मीच आहे ना फक्त?"

"हो."

"मग?"

"मग तूच जिन्यात जाऊन बस," ताई म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता. "तू समोर असलीस की ती तुलाच मागणार. तिला कसं कळणार की आज तू नाहीयेस? जा. दार ओढून घेते मी."

गठुडी आईचा खांदा चाटत होती. मग तिने पोर ताईंच्या हातात दिले, चपलासुद्धा न घालता बाहेर गेली आणि पायरीवर बसली. ताईंनी दार लावले. दार लागल्याचा आवाज ऐकून गठुडीने दाराकडे पाहिले.

बाप नवे दूध कालवून मला घेऊन आला. गठुडीने मला ओळखले. मी टेबलापर्यंत पोहोचायच्या आत तोंड मिटले.

ताई वैतागल्या. "एवढं काय वाईट लागतं हे, बघू तरी." पण निपलला तोंड लावणे त्यांना त्यांच्या वयाला शोभेसे वाटले नाही. त्यांनी माझे टोपण काढले, त्यात थोडे दूध ओतले आणि चहा प्यावा तसा घोट घेतला.

"शी. ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय. मी पण नसतं प्यायले."

गठुडी त्यांच्या मांडीवर होती. आत्याच्या ओठाला काहीतरी लागले, आत्याने तोंड वाकडे केले, हे तिने बारकाईने पाहिले. मग हात पुढे केला.

"काय गं? खोटं वाटतंय? घे, तूच चाखून बघ आणि सांग."

ताईंनी टोपणाची कड तिच्या खालच्या ओठाला टेकवली. गठुडीची जीभ बाहेर आली, मांजरीच्या पिलासारखी, आणि दुधाला लागून आत गेली. तिने हुबेहूब आत्यासारखे तोंड वाकडे केले. आता मान फिरवेल, मला वाटले. तिने फिरवली नाही. पुन्हा जीभ काढली. मग दोन्ही हातांनी ताईंचे बोट धरले आणि टोपण स्वतःकडे ओढले.

"अरे," ताई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "इकडे ये. पळत येऊ नकोस. बोलू नकोस काही. ओत अजून."

बाप आला. त्याने मला उचलले आणि माझे निपल काढून टाकले, कारण आता त्याची गरज नव्हती. टोपणात ओतले. पुन्हा ओतले. निम्मे हनुवटीवरून गळत होते, निम्मे पोटात जात होते. तो पुटपुटत होता, "शेवटचा पार्ट राहिला होता. शेवटचा पार्ट मी बदललाच नव्हता."

मित्रांनो, मी टेबलावर उघडी उभी होते. दूध माझ्यातले. माप माझे, ऊब माझी, उकळून घेतले मी, शिव्या खाल्ल्या मी. आणि मान कोणाला? ज्याला ना आकडे, ना आटे, ज्याची सगळी हुशारी एवढीच की उलटे केले तर तळ आहे, त्याला. मला परक्यांनी झिडकारले ते मी समजू शकते. पण हा माझ्या डोक्यावर बसून इतके महिने टॉवेलांमागे राहिला. त्याला ठाऊक असणार. एका शब्दाने बोलला नाही.

बाप जिन्यात गेला. दार उघडेच राहिले, मला सगळे ऐकू आले.

"प्यायली."

"बाटलीनं?"

"टोपणानं."

"टोपणानं?"

"हो. ताईनं चाखून दाखवलं, मग प्यायली."

यावर आई बराच वेळ हसली आणि त्यातच रडू लागली. माझी चौकशी कोणी केली नाही.

दुपारच्या आत लंगोट ओला झाला. बापाने तो निकालपत्रासारखा जिन्यात नेऊन दाखवला. शेजारीण म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, भूक लागली की पितात." ताई तिच्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. ताईंच्या बाबतीत हे फार मोठे होते.

उरलेले दिवस गठुडी टोपणाने प्यायली. वेळ लागे, गळ्याशी फडके बांधावे लागे, ताईंना दर खेपेला आधी स्वतः घोट घेऊन तोंड वाकडे करावे लागे. नाहीतर गठुडी सुरूच करत नसे. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता मला आवडायला लागलं की काय, अशी शंका येते."

आई पडद्याआडून बघे. पहिल्या दिवशी तिला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी टोपण दिसताच गठुडी हसली, पाय झाडू लागली, आणि आई पडदा सोडून आत गेली. बेसिनपाशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "दोन दिवस. दोन दिवसांत विसरली." मी पालथी वाळत पडले होते. मला तिची पहिल्यांदाच दया आली. आम्ही दोघी आता एकाच रांगेत होतो. आमच्याकडे दूध होते आणि पोर टोपणाकडे बघून हसत होते.

मुदत संपली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि गठुडीला जवळ घेतले. गठुडीने तिच्याकडे पाहिले, ओळखले, आणि तोंड फिरवले. आईने गाणे म्हटले नाही, थोपटले नाही, मांडीसुद्धा हलवली नाही. बाप दारात टोपण घेऊन उभा होता. ताईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. बराच वेळ असाच गेला. मग गठुडी वळली, वैतागल्यासारखी, आणि इतक्या जोरात ओढू लागली की आई कळवळली. तरी तिने सोडवून घेतले नाही. ती हळूच म्हणाली, "घे. कोणी पळवून नेत नाहीये." या वेळी तिला स्वतःलाच ते तितकेसे खरे वाटत नसावे.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला. गाठ साधी निघाली.

टोपण धुऊन, पुसून कपाटात ठेवण्यात आले. दवाखान्यात बाळाच्या हाताला बांधलेली पट्टी, पहिले पायमोजे, आणि ते. कोणी आले की काढून दाखवतात. ताई तर तोंड वाकडे करून दाखवतात. बिनटोपणाची बाटली कोण ठेवणार? काही दिवस मी इस्त्रीत पाणी घालायच्या कामी आले. मग बापाने मला हत्यारांच्या पिशवीत घेतले. आता माझ्यात यंत्राचे तेल असते. माझे निपल त्याने तापवलेल्या सुईने मोठे केले आहे. त्यातून मी लिफ्टच्या रुळांना थेंब थेंब पाजते. ते मान फिरवत नाहीत. बाप कधी कधी अंधाऱ्या खड्ड्यात मला हातात धरतो आणि म्हणतो, "बघ, तुझं काही वाया गेलं नाही." माणूस वाईट नाही. पण गाऊन घालून त्याने मलाही फसवले होते, हे मी विसरलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी आलीच, तर तिला अडचणीच्या दिवसासाठी टॉवेलांमागे ठेवू नका. चांगल्या दिवसांत, पोट भरलेले असताना, बाळाची तिच्याशी ओळख करून द्या. संकटाच्या दारात पहिल्यांदा दिसलेल्या तोंडावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात तोंडाचा दोष नसतो. आणि बाळाला काही नवे द्याल तर आधी स्वतः त्याच्यासमोर घोट घ्या. ते ज्याच्याकडून घेते, त्याचे तोंड बघून घेते. खोक्यावर काय छापले आहे हे त्याला वाचता येत नाही.

गठुडी आता तिसरीत आहे. तिला दूध आवडत नाही.